स्विच नवा, रखडपट्टी जुनी

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या डिझाइन विभागाचे सर्व्हर मी सांभाळतो. वितळलेलं लोखंड साच्यात कसं पसरेल, कुठं आधी थिजेल, कुठं पोकळी राहील याचं गणित आमच्याकडे कास्टिंग ओतण्याआधी लिनक्सच्या मशिनींवर चालतं. मशिनी बारा, सगळ्यांच्या फायली ठेवणारा सर्व्हर एक, आणि मधे एनएफएस. दोन पावसाळ्यांपूर्वी तक्रारी वाढल्या. गणिताचा रन संपला तरी निकाल लिहून व्हायला सहा-सहा मिनिटं लागतात म्हणे. पुरवठादार म्हणाला, नेटवर्क कमी पडतंय. मग एक गिगाबिटच्या जागी दहा गिगाबिटचा स्विच, म्हणजे सगळ्या मशिनींच्या केबली जोडणारं खोकं, आला, कार्डं बदलली, केबली बदलल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डिझाइनमधला पोरगा माझ्या दारात.

"दादा, स्विच बदलला म्हनं. मग ह्ये अजून तसंच रडतंय की ओ."

त्याच्यामागोमाग मालकांचा फोन. "काय रे, पैसे पंचगंगेत सोडलेस काय?"

घड्याळ लावून बघितलं. आधी सहा मिनिटं लागत होती, आताही सहाच. दहापट रुंद रस्ता करूनही गाडी एक सेकंद लवकर पोचली नाही. असं का होतं हे कळलं, तर युनिक्स सर्व्हरवरच्या फाइल शेअरिंगची निम्मी दुखणी कळतात, म्हणून त्या सहा मिनिटांपासूनच सुरू करतो.

एनएफएस म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टिम. सन मायक्रोसिस्टिम्सनं ती १९८४ साली तयार केली. कल्पना साधी आहे. फाइल दुसऱ्याच मशिनच्या डिस्कवर असते, पण तुमच्या प्रोग्रॅमला ती आपल्याच डिस्कवर आहे असं वाटतं. प्रोग्रॅम नेहमीसारखा फाइल उघडतो, वाचतो, लिहितो. खाली कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, प्रत्येक मागणीची चिठ्ठी करून सर्व्हरकडे धाडतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. घोटाळा आहे तो या थांबण्यात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं डिस्क हाताशीच आहे असं धरलेलं असतं, त्यामुळे 'ही फाइल आहे का', 'तिचा आकार किती', 'मला परवानगी आहे का' हे तो बिनधास्त दहादा विचारतो. डिस्क हाताशी असेल तर ते खपून जातं. नेटवर्कवर मात्र प्रत्येक प्रश्नाला एक फेरी पडते.

डेअरीत दूध घालायला गेलेल्या कुणालाही हे वेगळं समजवावं लागत नाही. गावच्या दूध संस्थेत सकाळी शंभर माणसं प्रत्येकी एक लिटर घेऊन आली तर काय होतं? प्रत्येकाचं दूध मोजायचं, नमुना काढायचा, फॅट लावायची, वहीत लिहायचं, पावती फाडायची, मग पुढचा. तेच शंभर लिटर एकाच गोठ्यावरून आले तर मोजायला थोडा जास्त वेळ, बाकी सगळं एकदाच. दूध दोन्हीकडे तेवढंच, पण पहिली रांग नऊ वाजले तरी हलत नाही. आता संस्थेपर्यंतचा रस्ता चौपदरी केला म्हणून ती रांग लवकर सरेल का?

आमचा रन जवळपास १२,००० छोट्या फायली लिहीत होता, प्रत्येकी ८ किलोबाइटच्या आसपास. सगळं मिळून १०० मेगाबाइटसुद्धा नाही. एक गिगाबिटच्या लाइनवर सेकंदाला ११० मेगाबाइट आरामात जातात, म्हणजे नुसता माल पोचायला एक सेकंदही नको. दहा गिगाबिटवर तो सेकंदाचा दहावा भाग होईल. नव्या स्विचनं आम्हाला वाचवून दिलं ते हे, एक सेकंद.

आता फेऱ्या मोजू. एक नवी फाइल लिहायची म्हणजे आधी 'या नावाची आहे का' ही विचारणा, मग परवानगीची, मग तयार कर, गुणधर्म लाव, डेटा घे, आणि शेवटी 'पक्कं लिहिलंस ना' याची खात्री. ढोबळ सहा फेऱ्या धरा. आमच्या इमारतीत एका फेरीला ०.२ मिलिसेकंद लागतात. १२,००० गुणिले ६ गुणिले ०.२ म्हणजे साडेचौदा सेकंदांच्या आत-बाहेर. सहा मिनिटं अजूनही सापडली नाहीत.

ती डिस्कमध्ये होती. आमच्या सर्व्हरमध्ये फिरणाऱ्या हार्ड डिस्क होत्या, मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या. म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा लिहिणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, वर डोकं त्या पट्टीवर सरकायला काही मिलिसेकंद. एका ठिकाणी पक्कं लिहायचं म्हटलं की १० मिलिसेकंद गेलेच म्हणा. एका फाइलमागे असं तीनदा झालं तर १२,००० फायलींचे ३६० सेकंद होतात. हीच ती सहा मिनिटं. सर्व्हर पूर्ण वेळ डिस्कची वाट बघत बसला होता आणि आम्ही रस्ता रुंद करत होतो.

पक्कं लिहिण्याचं वचन

इथं कुणीही विचारेल, की सर्व्हरनं आधी मेमरीत घेऊन हो म्हणावं, डिस्कवर निवांत लिहावं. आपली घरची मशिन तसंच तर करते. खरं आहे. पण एनएफएस घडवणाऱ्यांनी एक वचन दिलं होतं. सर्व्हर मधेच पडला आणि परत उठला, तरी क्लायंटचं, म्हणजे फायली मागणाऱ्या मशिनचं, काही हरवता कामा नये. क्लायंटनं तीच मागणी पुन्हा पाठवावी आणि काम पुढे चालू राहावं. म्हणून पहिल्या आवृत्त्यांत सर्व्हर कोण काय करतंय याची आठवण ठेवत नसे, आणि एकदा 'लिहिलं' म्हणाला की ते खरंच डिस्कवर असावं लागतं. डेअरीतसुद्धा वहीत शाईनं आकडा पडल्याशिवाय पावती हातात मिळत नाही. वही हरवली तरी पावती खोटी ठरत नाही.

दुसऱ्या आवृत्तीत हे फारच कडक होतं. एका वेळी जास्तीत जास्त ८ किलोबाइट, आणि प्रत्येक तुकडा डिस्कवर उतरल्याशिवाय उत्तर नाही. १९९५ मध्ये तिसऱ्या आवृत्तीचा तपशील प्रसिद्ध झाला आणि त्यात सवलत मिळाली. सर्व्हरनं तुकडे मेमरीत घ्यावेत, शेवटी क्लायंट 'आता पक्कं कर' म्हणेल तेव्हा एकदम उतरवावेत. तोवर क्लायंट आपली प्रत टाकून देत नाही. सर्व्हर मधे रीस्टार्ट झाला तर क्लायंटला ते कळतं आणि तो सगळं पुन्हा पाठवतो. मोठ्या फायलींना याचा प्रचंड फायदा झाला. छोट्या फायलींना नाही, कारण फाइल तयार करणं, नाव बदलणं, पुसणं ही कामं आजही लगेच पक्की करावी लागतात, आणि आठ किलोबाइटच्या फाइलला 'शेवटी एकदम' असं काही उरतच नाही.

लिनक्सच्या सर्व्हरवर हे वचन मोडायचं एक बटण आहे. एक्स्पोर्टच्या यादीत, म्हणजे कुठली फोल्डरं वाटायची ते लिहिलेल्या फायलीत, सिंकच्या (आधी डिस्कवर, मग उत्तर) जागी असिंक (आधी उत्तर, मग डिस्कवर) लिहायचं. मी एका रात्री लिहून बघितलं. सहा मिनिटांचं काम वीस सेकंदांच्या आत आलं. मोह आवरत नाही हो! नेटवरचे कित्येक सल्ले इथंच संपतात, 'असिंक करा, सुटा'. एकेकाळी लिनक्सवर असिंक हेच मूळ सेटिंग होतं, एनएफएस-युटिल्स या लिनक्सवरच्या एनएफएसच्या साधनसंचाच्या १.०.० नंतरच्या आवृत्त्यांत ते सिंक केलं गेलं, आणि ते बदलावं लागलं यातच काय ते आलं.

असिंकमध्ये सर्व्हर धादांत खोटं बोलतो. डेटा मेमरीत असताना 'डिस्कवर आहे' म्हणतो. क्लायंट विश्वास ठेवून आपली प्रत टाकून देतो. आता सर्व्हरची लाइट गेली, तर तो डेटा कुणाकडेच नाही आणि कुणालाच एरर दिसत नाही. रन यशस्वी, फाइल जागेवर, आत अर्धा भाग रिकामा. आमच्याकडे वळवाच्या पावसात दुपारी चारला वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि यूपीएसची बॅटरी किती म्हातारी आहे हे ती मरते तेव्हाच कळतं. चुकीच्या गणितावर पॅटर्न बनला आणि पन्नास नग ओतून झाल्यावर पोकळी सापडली, तर वाचवलेल्या सहा मिनिटांचं काय करायचं? पुन्हा तयार करता येईल अशा तात्पुरत्या डेटाला असिंक ठेवायला माझी हरकत नाही. मूळ कामाला मी ते लावत नाही. सकाळी परत सिंक केलं.

खरा इलाज दोन बाजूंनी झाला. सर्व्हरवर एसएसडी आल्या, पण दुकानात मिळते ती कुठलीही नव्हे. वीज गेली तरी हातातलं लिहून पूर्ण करण्याइतका चार्ज धरणारे कपॅसिटर ज्यात असतात, त्या. अशी ड्राइव्ह 'लिहिलं' हे लगेच आणि खरं सांगू शकते, म्हणून दहा मिलिसेकंदांचं काम मिलिसेकंदाच्या छोट्या अंशात येतं. साध्या एसएसडीला पक्कं लिहायला लावलं की तीही बऱ्यापैकी धापा टाकते, हे खोक्यावरच्या आकड्यांत दिसत नाही. ज्यांना डिस्क बदलायच्या नाहीत त्यांना बॅटरीवाल्या रेड कार्डाचा (अनेक डिस्क मिळून एक करणाऱ्या कार्डाचा) तोच उपयोग. आमच्या जुन्या डिस्क रेड ५ मध्ये होत्या, ती आणखी एक गोम. त्यात एक डिस्क गेली तरी डेटा परत काढता यावा म्हणून पॅरिटी नावाचा जादा हिशेब ठेवतात. तिथं एक छोटं लिखाण म्हणजे जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा. एकाची चार कामं.

दुसरा इलाज फुकटचा, आणि खरं तर आधी तोच करायला हवा होता. सॉल्व्हरच्या, म्हणजे गणित करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, तात्पुरत्या फायली ज्या त्या मशिनच्या स्वतःच्या डिस्कवर लिहायच्या, आणि शेवटी सगळ्यांचं एक टार, म्हणजे अनेक फायलींची मिळून एक फाइल, बांधून ते सर्व्हरवर टाकायचं. बारा हजार किटल्यांऐवजी एक कॅन. स्क्रिप्टच्या चार ओळी बदलल्या. उलट दिशेनंही हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: मोठं टार सर्व्हरवरच्या फोल्डरात उघडायचं असेल तर ते क्लायंटवर बसून उघडू नका, सर्व्हरवर लॉगिन करून उघडा. तासाचं काम मिनिटात होतं.

यादी मागितली की लटकतं

लिहिण्याचं मार्गी लागल्यावर वाचण्याच्या तक्रारी ऐकू यायला लागल्या. कुणीतरी पन्नास हजार फायलींच्या फोल्डरात जाऊन एलएस (फायलींची यादी दाखवणारी कमांड) मारतो आणि चहा पिऊन येतो. नुसती नावं मागितली तर सर्व्हर ती गठ्ठ्यानं देतो. पण लांब यादी मागितली, किंवा एलएस रंगीत दाखवायला लावलेलं असलं (बहुतेक ठिकाणी तसंच असतं), की प्रत्येक फाइलचा प्रकार आणि परवानगी लागते. तिसऱ्या आवृत्तीपासून नावं आणि गुणधर्म एकत्र मागवायची सोय आहे, ती बरंच वाचवते. तरी एका फोल्डरात पन्नास हजार फायली ठेवणं हा मुळात फाइल सिस्टिमला डेटाबेस समजण्याचा प्रकार आहे. महिन्यावार, कामावार फोल्डर करा.

क्लायंट फाइलचे गुणधर्म काही काळ लक्षात ठेवतो, म्हणजे दर वेळी विचारायला नको. लिनक्सवर साध्या फाइलसाठी हा काळ ३ ते ६० सेकंद, फोल्डरसाठी ३० ते ६०. फाइल नुकतीच बदललेली असेल तर कमी, बरेच दिवस पडून असेल तर जास्त. यातून एक ठरलेलं भांडण होतं. एक जण म्हणतो फाइल टाकली, दुसरा म्हणतो माझ्याकडे दिसत नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात. मग कुणीतरी शहाणा हे लक्षात ठेवणंच बंद करतो. नोएसी नावाचा पर्याय आहे. भांडण मिटतं आणि सर्व्हरची वाट लागते, कारण आता प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला फेरी पडते. एनएफएसचं वचन एवढंच असतं की एकानं फाइल बंद केली आणि त्यानंतर दुसऱ्यानं ती उघडली, तर त्याला नवा मजकूर दिसेल. दोघांनी एकाच वेळी उघडी ठेवून एकमेकांचं लिखाण बघायचं असेल तर लॉक घ्यायला हवं. तेवढं शिस्तीत केलं तर नोएसीची गरज मला एकदाही पडलेली नाही.

कॉपीच्या बाबतीत एक फसवी गोष्ट पोरांना बुचकळ्यात टाकते. मोठी फाइल कॉपी करताना पट्टी पहिले काही सेकंद भन्नाट पळते आणि मग गचकन थांबते. नेटवर्क तुटलं असं वाटतं. तसं नसतं, क्लायंट आधी आपल्याच मेमरीत भरत असतो, आणि न उतरवलेला डेटा ठरावीक मर्यादेला पोचला की लिहिणाऱ्याला अडवून धरतो. आधीचा वेग खोटा होता, नंतरचा खरा.

खिडक्या किती

सर्व्हरवर एनएफएसची कामं करणारे थ्रेड असतात, डेअरीतल्या खिडक्यांसारखे. लिनक्सच्या बऱ्याच वितरणांत वर्षानुवर्षं ही संख्या ८ होती आणि कित्येक चालू सर्व्हरांवर आजही आहे. बारा मशिनी एकदम तुटून पडल्या तर आठ खिडक्या कमी पडतील हे उघड आहे. ३२ किंवा ६४ करायला काही लागत नाही. पण आमच्या जुन्या डिस्कवर मी ६४ केले तेव्हा फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. खिडक्या चौसष्ट आणि आत फॅटचं मशीन एकच. बाहेरची रांग आत आली एवढंच. एसएसडी आल्यावर मात्र तेच ६४ उपयोगी पडले. जाता जाता: जुने लेख सांगतात की प्रॉक फोल्डरातल्या एनएफएसडीच्या आकडेवारीत टीएच अशी ओळ असते, तिचे शेवटचे दहा आकडे बघा, थ्रेड किती व्यस्त ते कळेल. नव्या कर्नेलमध्ये ते आकडे कायम शून्य असतात. ते बघून 'सर्व्हर मोकळा आहे' असा निष्कर्ष काढणारे मी पाहिलेत. मीही काढला होता.

आणि हो, नेटवर्कचा खरंच दोष असतो तेव्हा

इतका वेळ नेटवर्कची बाजू घेतली म्हणून ते सोवळं आहे असं नाही. फौंड्रीत वाळू आणि लोखंडाची बारीक धूळ सगळीकडे जाते, स्विचच्या पंख्यात आणि केबलच्या सॉकेटातही. एका मशिनवर एनएफएस गोगलगाय झालं होतं आणि पिंग (समोरची मशिन उत्तर देते का, किती वेळात, हे बघणारी कमांड) मात्र ठणठणीत. पिंगचं पाकीट चिमूटभर, ते कुठूनही निसटतं. खरा पुरावा क्लायंटवर एनएफएसस्टॅट ही आकडेवारीची कमांड चालवली की मिळतो. रीट्रान्समिशनचा, म्हणजे पुन्हा पाठवाव्या लागलेल्या चिठ्ठ्यांचा, आकडा एकूण मागण्यांच्या तुलनेत सतत वाढत असेल तर चिठ्ठ्या वाटेत गहाळ होत असाव्यात, केबल आणि पोर्ट तपासा. आमच्याकडे स्विचच्या त्या पोर्टला कुणीतरी हातानं १०० फुल डुप्लेक्स (१०० मेगाबिट, दोघांनी एकाच वेळी बोलायचं) ठोकलं होतं आणि मशीन ऑटोवर, म्हणजे आपोआप ठरवण्यावर, होती. अशा वेळी मशिनला समोरच्याचं डुप्लेक्स कळत नाही, ती हाफ (एका वेळी एकानंच बोलायचं) धरते, आणि दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत राहतात. थोड्या बोलण्यात निभावतं, मोठ्या डेटात आपटतं.

जुन्या सेटअपमध्ये एनएफएस यूडीपीवर, म्हणजे पाकीट पोचलं का हे न बघणाऱ्या पद्धतीवर, चालायचं, तिथं हे आणखी महागात पडतं. ८ किलोबाइटचं एक लिखाण १,५०० बाइटच्या पाकिटांत भरायचं तर सहा तुकडे होतात. त्यातला एक हरवला की सहाच्या सहा पुन्हा. टीसीपी या पोच घेणाऱ्या पद्धतीवर हरवलेलं तेवढंच परत जातं. कुठं अजून यूडीपी दिसलं तर आधी ते काढा.

जम्बो फ्रेमचीही गंमत अशीच. सर्व्हर आणि क्लायंटवर ९,००० बाइटची पाकिटं चालू केली आणि मधला एक स्विच १,५०० वरच राहिला, तर फोल्डरची छोटी यादी येते, पण मोठी फाइल वाचायला घेतली की सगळं गोठतं. 'यादी दिसते, फाइल उघडत नाही' असं कुणी म्हणालं की मी पहिल्यांदा हेच बघतो. अशीच दुसरी खूण पाच सेकंदांची. माउंट करताना, म्हणजे सर्व्हरचं फोल्डर आपल्या मशिनला जोडताना, किंवा पहिल्यांदा फोल्डर उघडताना मोजून पाच किंवा दहा सेकंद अडकत असेल, तर डिस्क-बिस्क काही नाही, मशिनच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसकडे जा. उत्तर न देणाऱ्या डीएनएस सर्व्हरसाठी लिनक्स मुळात पाच सेकंद थांबतो. इतका गोल आकडा डिस्क कधी देत नाही.

अंतराचं तर कुणाच्याच हातात नाही. मालकांना पुण्यातल्या ऑफिसात तेच फोल्डर एनएफएसनं जोडून हवं होतं. कोल्हापूर ते पुणे २३० किलोमीटर धरा. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन २.३ मिलिसेकंद, तेही तार सरळ असेल आणि मधे कुणी थांबवलं नाही तर. प्रत्यक्षात व्हीपीएनवरून आम्हाला २० लागत होते. मघाचेच सहा फेऱ्यांचे बारा हजार हिशेब आता २० मिलिसेकंदांनी करा: चोवीस मिनिटं, नुसती वाट बघण्यात. लाइन कितीही रुंद घ्या, आकडा तोच. तिकडे आम्ही एनएफएस दिलंच नाही. रात्री आरसिंक, म्हणजे बदललेलं तेवढंच कॉपी करणारा प्रोग्रॅम, चालतं आणि सकाळी त्यांच्याकडे त्यांची प्रत असते.

एनएफएस ४ घेतलं की हे सगळं मिटेल असा एक समज आहे. चौथ्या आवृत्तीत अनेक मागण्या एका चिठ्ठीत घालायची सोय आहे हे खरं. पण प्रोग्रॅमच एकेक मागणी करतो, पहिलीचं उत्तर आल्याशिवाय दुसरी करत नाही, तर क्लायंट गठ्ठा बांधणार कशाचा? छोट्या फायलींसाठी मला तिसरी आणि चौथी यांत फार फरक दिसला नाही. ४.२ मधली एक गोष्ट मात्र मनापासून आवडते. फाइलची प्रत त्याच सर्व्हरवर करायची असेल तर डेटा क्लायंटपर्यंत आणून परत न्यावा लागत नाही, सर्व्हर आतल्या आत करतो. एनकनेक्ट म्हणजे एकाऐवजी अनेक टीसीपी जोडण्या. हे लिनक्स ५.३ पासून आहे, मोठ्या डेटाला उत्तम, एकट्या रडणाऱ्या प्रोग्रॅमला निरुपयोगी.

लोड चाळीस, सीपीयू रिकामा

एकदा सर्व्हरची केबल सुटली आणि बाराही मशिनी एकदम बंद पडल्यासारख्या झाल्या. डीएफ (डिस्कवर किती जागा उरली ते सांगणारी कमांड) मारलं तरी प्रॉम्प्ट परत येईना. लोड ॲव्हरेज, म्हणजे कामाला लागलेल्या प्रोसेसची सरासरी, चाळीस, आणि सीपीयू मात्र झोपलेला. यात भूत काही नाही. लिनक्स लोड मोजताना, डिस्क किंवा एनएफएसच्या उत्तरासाठी अडकून बसलेल्या प्रोसेसही धरतो. पीएस या प्रोसेसच्या यादीत त्यांच्यापुढे डी दिसतो. एनएफएस मुळात हार्ड पद्धतीनं जोडलेलं असतं, म्हणजे सर्व्हर परत येईपर्यंत थांबायचं, कितीही वेळ. लोकांना याचा राग येतो आणि ते सॉफ्ट लावतात, म्हणजे काही प्रयत्नांनंतर एरर देऊन मोकळं व्हायचं. पण कितीतरी प्रोग्रॅम लिहिताना आलेली एरर बघतच नाहीत, आणि मग अर्धवट फाइल पूर्ण म्हणून पुढे जाते. ज्या फोल्डरात लिहिलं जातं तिथं हार्डच ठेवा. टाइमआउटचा आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो हेही बघा. ६०० म्हणजे ६० सेकंद, दहा मिनिटं नव्हेत. आणि अडकलेली प्रोसेस मारता यावी म्हणून जुनी मंडळी इंटर हा पर्याय लिहायची, तो कर्नेल २.६.२५ नंतर कुणी विचारात घेत नाही. किल डॅश नऊ चालतं, तेवढंच चालतं.

आता कुणी 'सर्व्हर स्लो आहे' म्हणून आला की मी स्विचकडे जात नाही. त्याच्याच मशिनवर एनएफएसआयओस्टॅट ही वेळ मोजणारी कमांड लावतो. त्यात प्रत्येक मागणीचे दोन वेळ दिसतात: चिठ्ठी गेल्यापासून उत्तर येईपर्यंतचा, आणि मागणी क्लायंटच्या रांगेत लागल्यापासून पूर्ण होईपर्यंतचा. दोन्हींत मोठी तफावत असेल तर चिठ्ठ्या इथंच, क्लायंटवरच खोळंबल्यात. दोन्ही सारखेच मोठे असतील तर वाट किंवा सर्व्हर. मग सर्व्हरवर आयओस्टॅट लावून डिस्कचा प्रतीक्षावेळ बघायचा. तो दहा-वीस मिलिसेकंदांत असेल आणि पिंग ०.२ दाखवत असेल, तर पुढं बोलायला नको. दोन्ही छोटे असूनही माणूस रडत असेल, तर एकूण मागण्या मोजायच्या. मागच्या महिन्यात एका स्क्रिप्टनं एका तासात लाखोंनी गुणधर्म विचारलेले सापडले. ती एकच फाइल आली का नाही हे बघायला लूपमध्ये गरगरत होती, मधे एका सेकंदाची झोपसुद्धा न घेता. ती मीच लिहिलेली होती.

तो दहा गिगाबिटचा स्विच अजून रॅकमध्ये आहे. एसएसडी बसल्यावर रात्रीचा बॅकअप, म्हणजे चाळीस-पन्नास गिगाबाइटच्या थोड्याच पण अवाढव्य फायली, आता त्याच्यावरून झपाट्यानं जातो. मालकांना ते सांगितलं तर म्हणाले, "मग पंचगंगेतनं वर आले म्हणायचे." मी हो म्हटलं.